मानेवरचा नंबर

३ तारीख, मंगळवार

माझ्या लेकीच्या, ठकीच्या, जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, तिथे लिहितेय. दुपारी मशीन नमुने फिरवत असतं तेवढा अर्धा तास लॅबमध्ये मला मोकळा असतो. आज जे झालं ते कुणाला तोंडाने सांगायला गेले तर रडू येईल. वहीपुढे रडलं तरी चालतं.

डॉक्टरीणबाईंनी सकाळी बोलावलं. नवीन मशीन येतंय, ते नळ्या आपलं आपणच धुतं. म्हणजे एक तारखेपासून आतलं माझं काम संपलं. पण घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं काम त्या सुरू करतायत आणि ते मला द्यायला तयार आहेत. "सुई टोचताना तुझा हात हलका आहे," म्हणाल्या. अट एकच, गाडी घरची हवी आणि तिचे कागद चोख हवेत. रस्त्यात कुणी अडवून ठेवलं तर नमुने खराब होतात. मी लगेच हो म्हटलं. हो म्हटलं आणि मग गाडी आठवली.

गाडी आहे तशी. घरामागच्या बोळात ताडपत्रीखाली चार वर्षं उभी असलेली मोटारसायकल. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती आपल्या नावावर घेतली आणि चालवली ठकीच्या वडिलांनी. ते चार वर्षांपूर्वी 'दोन दिवसांत येतो' म्हणून बसने गेले आणि दुसऱ्या गावात दुसरा संसार मांडून बसले. गाडी राहिली, मी राहिले, ठकी राहिली. गाडीच्या नोंदणीची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली. माझी कधी संपते कोण जाणे.

कारण घर बाबांचं आहे. मुलगाच निघून गेला तर सून कसली नि काय? चार वर्षांत ते त्यावर एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मला भीती त्याचीच वाटते. बोलणाऱ्या माणसाचा अंदाज येतो. पगार घरात येतोय तोवर ठीक आहे. ज्या महिन्यात येणार नाही, त्या महिन्यात मी आणि ठकी कुठे जाणार? माहेरी भावाच्या दोन खोल्यांत पाच माणसं आहेत.

५ तारीख, गुरुवार

काल सकाळी बाबांना सांगितलं. धीर गोळा करायला एक दिवस लागला. ते चहा घेत होते, त्यांनी कप खाली ठेवला.

"मोटारसायकल चालवता येते तुला?"

"लग्नाआधी भावाची चालवायचे. लायसन्स आहे."

"पडशील."

"हळू चालवीन."

मग म्हणाले, "किती लांब जावं लागेल?" मी म्हटलं, लांब, गावाच्या पार पलीकडेसुद्धा. त्यांनी पुन्हा कप उचलला, त्यात काही नव्हतं तरी ओठाला लावला. "बघू. कर अर्ज. सही देतो," म्हणाले.

आणि दिलीही. गाडी त्यांच्या नावावर असल्यामुळे प्रत्येक कागदावर त्यांचीच सही लागते. एकेक अक्षर असं सावकाश काढत होते की मला वाटलं, आता पेन ठेवतील आणि नाही म्हणतील. नाही म्हणाले नाहीत. मोठ्या मनाचा माणूस आहे. उगाच शंका घेते मी.

९ तारीख, सोमवार

गाडीचं पुस्तक हरवलं.

लोखंडी कपाटात, विम्याच्या जुन्या कागदांखाली मी स्वतः ठेवलं होतं. आज बघते तर नाही. नोंदणीचं पुस्तक नसेल तर अर्जच घेत नाहीत. बाबाही माझ्याबरोबर शोधत होते. गाद्या उलट्या केल्या, ठकीचं दप्तर झाडलं, कपाट तर तीनदा उपसलं. मी स्वयंपाकघराकडे वळले तर म्हणाले, "तिकडे नको वेळ घालवू, तिकडे कशाला जाईल?" खरंच होतं ते.

शेवटी म्हणाले, "उंदरांनी नेलं असेल." आमच्याकडे उंदीर आहेत हे मला आजच कळलं. ही एक नवीन भीती.

१३ तारीख, शुक्रवार

पुस्तक सापडलं. ठकीला पिठाच्या डब्याखाली मिळालं, एका स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं. मी आनंदाने रडले. बाबा म्हणाले, "बरं झालं." ठकी म्हणाली, "आई, उंदीर घडी घालतात का गं?" मी तिला गप्प केलं, मोठ्यांच्या मध्ये बोलायची फार सवय लागलीय. मीच कधीतरी घाईत तिथे ठेवलं असणार. आजकाल माझं डोकं ठिकाणावर नसतं, त्याचीही भीती वाटते.

धावत जाऊन अर्ज दिला. तपासणीची तारीख मिळाली, अठरा. मास्तर गाडी तयार करतायत. मास्तर म्हणजे कोपऱ्यावरचे गॅरेजवाले. नट पिळता पिळता गिऱ्हाइकाला शिकवत बसतात म्हणून सगळे मास्तर म्हणतात. टायर, बॅटरी, ब्रेकच्या तारा, सगळं नवं. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा मी दोन पावलं मागे सरकले. मास्तर म्हणाले, "ताई, घाबरताय काय, चावत नाही ती." मला तर चावणाऱ्यांपेक्षा न चावणाऱ्यांचीच जास्त भीती.

१८ तारीख, बुधवार

सकाळी साडेआठला तपासणीच्या मैदानावर पोचायचं होतं. आठ वाजता किक मारली. काही नाही. पन्नास किका मारल्या असतील. पाय सुजला. बाबा दारात उभे राहून म्हणत होते, "जाऊ दे, दमलीस, बस जरा." शेवटी गाडी ढकलत मास्तरांकडे नेली. त्यांनी वाकून पाहिलं.

"ताई, प्लगची टोपी काढलीय ही."

"निघाली असेल."

"निघाली असती तर लोंबली असती. ही काढून मागे नीट खोचून ठेवलीय." माझ्याकडे बघत राहिले. "घरात कोण कोण असतं तुमच्या?"

मी म्हटलं, मी, मुलगी आणि सासरे. ते 'हं' म्हणाले आणि टोपी बसवली. या प्रश्नाचा आणि टोपीचा काय संबंध ते कळलं नाही. काल रात्री मीच पुसायला गेले होते, तेव्हा माझ्याच हातून झालं असेल. पोचले तेव्हा साडेदहा, खिडकी बंद. हातापाया पडून नवी तारीख मिळाली, सव्वीस. आणि एक तारीख त्याच्यापुढे पाच दिवसांवर. यात काही चुकलं तर गेलंच सगळं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही.

२४ तारीख, मंगळवार

आज मला फार लाज वाटली. बाबांबद्दल मनात काय काय आणते मी.

कामावरून आले तर गाडी ओळखू येईना. बाबांनी दिवसभर बसून पॉलिश केली होती. चाळीस वर्षं ते पॉलिशच्या कारखान्यात होते, नळ, कड्या, दारांच्या मुठी चमकवायचे. अजून घरात कुठे गंज दिसला की त्यांचे हात शिवशिवतात. चाकाच्या कडा, हँडल, सायलेन्सर, खालचा सांगाडासुद्धा. ठकी टाकीत बघून दात विचकत होती. बाबांच्या नखांत काळं भरलं होतं, बोटं सोलवटली होती. शेजारी पॉलिश पेपरचे तुकडे आणि एक कानस पडली होती. पॉलिशला कानस कशाला लागते कोण जाणे, त्यांचं त्यांना ठाऊक.

मी म्हटलं, "बाबा, माझ्यासाठी एवढं केलंत." आणि वाकून नमस्कार करायला गेले तर ते एकदम मागे सरले. "नको नको. उठ," म्हणाले आणि आत निघून गेले. जेवलेही नाहीत. दमले असणार. या वयात एवढं कष्टाचं काम.

२६ तारीख, गुरुवार

घाईत लिहितेय. अक्षर लागलं नाही तर न लागो.

सकाळी सगळं सुरळीत चाललं होतं. दिवे बघितले, ब्रेक बघितला, धूर बघितला. तपासणीच्या मॅडम उंच आहेत, चष्मा कपाळावर ठेवतात. म्हणाल्या, "गाडी छान ठेवलीय." मला वाटलं, सुटले. मग त्यांनी हँडल वळवलं आणि गाडीच्या मानेवर, जिथे सांगाड्यावर चासी नंबर ठोकलेला असतो, तिथे पातळ कागद धरला. वरून पेन्सिल घासली. असं घासलं की नंबर कागदावर उमटतो आणि तो पुस्तकातल्या नंबराशी जुळवतात. कागद काळा झाला. नुसता काळा. त्यांनी दुसरा कागद घेतला. तोही तसाच.

चष्मा डोळ्यांवर आला. बोट फिरवलं. "नंबर कुठाय?"

मी वाकले. तिथे आरशासारखं लख्ख होतं, माझा घाबरा चेहरा दिसत होता.

"बाई, नंबर कोण घासून काढतं माहीत आहे? चोर."

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मला आज कळलं. मग कसंबसं म्हटलं, सासऱ्यांनी पॉलिश केली, त्यांना सवय आहे. मॅडम म्हणाल्या, इंजिनचा नंबर जुळतोय म्हणून इथे उभं राहून बोलतेय, नाहीतर सरळ पोलिसांना फोन केला असता. गाडी ऑफिसच्या आवारात ठेवून घेतली, चाकाला साखळी. उद्या तीन वाजता मालकाने स्वतः येऊन लेखी जबाब द्यायचा. पटला तर नंबर पुन्हा ठोकायचा हुकूम. नाही पटला तर पोलीस.

घरी येऊन बाबांना सांगितलं. चिडतील असं वाटलं होतं. ते भिंतीला धरून खाली बसले. "तुला चोर म्हणाले?" एवढंच विचारलं. संध्याकाळी ठकीने हाक मारली तरी ओ दिली नाही.

माझ्या लक्षात आलं, आता माझे दिवस भरले. गाडी गेली, नोकरी गेली, वर म्हाताऱ्या माणसाला माझ्यापायी जबाबाला जायची पाळी. करायला गेले काय नि झालं काय. आता ते मला जा म्हणणार, आणि म्हणाले तर त्यांचं चूक नाही. त्यांनी म्हणेपर्यंत थांबायचं, मग रडत शोधाशोध करायची, त्यापेक्षा तयार असलेलं बरं. ठकीचे कपडे, माझे चार कपडे, लायसन्स, ही वही, सगळं बॅगेत भरून दाराआड ठेवलं. बाबा पाणी प्यायला आले तेव्हा त्यांनी बॅग पाहिली. पाहिली आणि पाणी न पिताच परत गेले. म्हणजे त्यांच्याही मनात तेच आहे.

२७ तारीख, शुक्रवार

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मी आणि बाबा बसने गेलो. ऑफिसात मॅडमसमोर आम्हाला दोन खुर्च्या दिल्या. त्यांनी छापील कागद पुढे ओढला. नाव, वय, पत्ता. मग म्हणाल्या, "नंबर कोणी घासला?"

"मी," बाबा म्हणाले.

"कारण?"

मी मध्येच बोलले. "चुकून झालं मॅडम. वय झालंय, दिसत नाही नीट."

बाबा ताठ बसले. "चुकून नाही. आणि दिसतं मला."

मी त्यांचा दंड दाबला. त्यांनी माझा हात बाजूला केला. "चाळीस वर्षं केलंय हे काम. प्रत्येक मुठीवर कंपनीचं नाव कोरलेलं असायचं. ते राखून आजूबाजूला चमक आणायची, त्यालाच तर कसब म्हणतात. माझ्या हातून एक अक्षर कधी पुसलं गेलं नाही. नवीन माणसांना मी शिकवायचो. चुकून कसा जाईल नंबर? कानस लावून काढलाय मी."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"का पण आजोबा?"

"गाडी पास झाली की ही जाणार."

"कामाला जाणार ना?"

"कामाला जाईल, मग हातात पैसा येईल, मग कशाला राहील? मुलगा पोटचा होता, तो नाही राहिला. ही तर परक्याची. हिला काय बांधलंय माझ्याशी? नातीला घेऊन जाईल एक दिवस. आणि मी कुणाच्या तोंडाने थांब म्हणू, माझ्याच पोराने टाकलंय हिला." त्यांचा आवाज फुटला. "काल बॅग भरलीय हिने. दाराआड ठेवलीय. मी बघितली."

मी म्हटलं, "बाबा, ती मी तुम्ही काढाल म्हणून भरली."

"कुठे काढेन?"

"घराबाहेर."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मी? तुला?"

"चार वर्षं त्याच भीतीत आहे मी."

"अगं वेडे," एवढंच म्हणाले आणि चष्मा काढून धोतर की शर्ट की काय हाताला लागेल त्याने पुसत बसले, तोंडाने मात्र तेच, "मी? तुला?" मला रडू आवरेना. पलीकडच्या टेबलावरचा कारकून शिक्का मारायचा थांबला होता. ज्या माणसाला मी भीत होते तो मलाच भीत होता. चार वर्षं एका छताखाली आम्ही दोघं एकमेकांना घाबरून चहा पीत होतो.

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "आजोबा, जाणूनबुजून काढला असं मी लिहिलं तर मला पोलिसांना कळवावंच लागेल. गाडी जाईल, हिचं काम जाईल, तुम्हाला फेऱ्या पडतील. सफाई करताना चुकून घासला गेला, असं असेल तर नंबर पुन्हा ठोकायचा हुकूम मी आत्ता देते. काय लिहू?"

मला वाटलं, आता हट्टाला पेटणार. त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं, उलटे करून, सुलटे करून. मग म्हणाले, "आणा इकडे. मीच लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. 'पॉलिश करताना माझ्या हातून चुकून नंबर घासला गेला.' सही केली. कागद पुढे सरकवताना म्हणाले, "कारखान्यातलं कुणी वाचणार नाही ना हे?" मॅडम म्हणाल्या, फाईलमध्ये जाईल, कुणी वाचणार नाही. त्यांनी मान हलवली.

मी पाहिलं ते. कानस चालवताना त्यांना जेवढा त्रास झाला नसेल तेवढा ते वाक्य लिहिताना झाला.

३० तारीख, सोमवार

नंबर ठोकून, नवी तपासणी होऊन गाडी हातात यायला दोन आठवडे लागणार. डॉक्टरीणबाईंना खरं तेच सांगितलं, फक्त नंबर 'चुकून' गेला असं म्हटलं. बोलणी खाल्ली. मग म्हणाल्या, पंधरा तारखेपर्यंत जवळची घरं पायी कर, लांबची मी थांबवून ठेवते. त्याच्यापुढे एक दिवस थांबणार नाही. म्हणजे धाकधूक संपली नाही, नुसती पुढे ढकलली.

बॅग रिकामी केली. ठकीने विचारलं, आपण कुठे जाणार होतो? बाबा म्हणाले, "कुठे नाही. आईला सामान मोजायची हौस आलेली." आज ते माझ्याशी बरंच बोलले. माझ्या सासूबाईंबद्दल, कारखान्याबद्दल. नंबराबद्दल दोनदा माफी मागितली. मी म्हटलं, झालं गेलं विसरा, बाकी तर तुम्ही मदतच केलीत, पुस्तक शोधायला माझ्यापेक्षा जास्त राबलात. त्यांना जोरात ठसका लागला. ठकी खोखो हसत सुटली, का ते सांगेना. उंदरांसाठी पिंजरा आणायचा राहिलाय.

७ तारीख, सोमवार

पायी फिरून पाय बोलायला लागलेत. नमुन्यांची थंड पेटी बाबा धरतात. मी नको म्हटलं तरी येतात. आज एका घरी म्हातारी बाई सुईला बघून हात मागे घेत होती. बाबा तिला म्हणाले, "हिचा हात हलका आहे, कळणारसुद्धा नाही." तिने त्यांना विचारलं, तुमची कोण ही? ते म्हणाले, "आमच्या घरातली." मी खाली मान घालून रबर बांधत राहिले.

आजच गाडीवर नंबर ठोकला. जुना नाही, सरकारी नवा. बाबा स्वतः बघायला आले होते. त्यावर बोट फिरवून म्हणाले, "खोल बसलाय. कानस लावली तरी जायचा नाही." आणि माझ्याकडे बघून ओशाळले.

१५ तारीख, मंगळवार

काल गाडी मिळाली, आज पहिली फेरी. शेवटचा दिवस होता, थोडक्यात गाठलं.

सात वाजता निघाले. अकरा घरं. भीती वाटत नव्हती असं लिहिलं तर ही वही हसेल. ट्रक शेजारून गेला की डोळे मिटावेसे वाटत होते. नाक्यावर पोलिसाने अडवलं तेव्हा काही केलेलं नसताना घाम फुटला. त्याने कागद बघितले, खाली वाकून मानेवरचा नंबर बघितला, आणि जा म्हणाला. एवढंच. अकरा नळ्या थंड पेटीत, एकही सांडली नाही.

लॅबमध्ये पेटी देऊन घराकडे वळले तेव्हा साडेअकरा झाले होते. वळणावर बाबा दिसले. उन्हात, रस्त्याच्या कडेला, हाताने डोळ्यांवर सावली धरून उभे. ठकीने नंतर सांगितलं, तू गेलीस तेव्हापासून तिथेच होते, चहालासुद्धा आत आले नाहीत.

गाडी त्यांच्याजवळ थांबवली. "उन्हात कधीपासून उभे आहात?"

"नाही गं. आत्ताच आलो, सहज." त्यांचा घसा कोरडा होता. गाडीकडे एक नजर टाकली, मग माझ्याकडे, डोक्यापासून पायापर्यंत. "लागलं नाही ना कुठे?"

"नाही."

"आलीस बरं का परत," असं म्हणाले, पण मला नाही, स्वतःलाच.

मी गाडी हळूहळू चालवत होते, ते शेजारून चालत होते. दाराशी आल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या पुन्हा?"

"रोजच जायचंय बाबा. आणि रोज यायचंय."

"हो. रोजच." थोडा विचार केला त्यांनी. मग आत जाऊन आपली खुर्ची उचलून आणली आणि वळणावर, जिथून पार लांबपर्यंतचा रस्ता दिसतो, तिथे नेऊन ठेवली.